पूल बंद झाला, थांब्यांचं काय?

ठाण्यात रेल्वेरुळांवरून जाणारा आमच्या बाजूचा एक जुना पूल कामासाठी दीर्घकाळ बंद झाला आणि त्यावरून धावणाऱ्या बस वळवायचं काम माझ्या टेबलावर आलं. पुलाचं आणि मी जिथे काम करते त्या परिवहन सेवेचं नाव इथे लिहीत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे. सुरुवातीची वर्षं वाहक म्हणून गेली, आता वेळापत्रक बघते. बस आगारातून किती वाजता सुटते, कुठल्या फेरीनंतर चालक-वाहक बदलतात, शेवटची गाडी कधी परत येते, हे सगळं कागदावर बसवायचं काम. मार्ग वळवायचा म्हणजे नकाशावर दुसरी रेघ मारायची, असं बाहेरून वाटतं. म्हणून आत काय काय घडतं ते सविस्तर लिहिते आहे.

पूल बंद करणं खरंच गरजेचं होतं का, असं कोणी विचारलं तर मी लगेच हो म्हणते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन बस गेल्या. त्यातले चालक-वाहक आमच्यासारखेच ड्युटीवर होते. त्यानंतर आपल्याकडचा कळवा खाडीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहनांसाठी बंद करण्यात आला. 3 जुलै 2018 ला अंधेरीच्या गोखले पुलाचा काही भाग रुळांवर कोसळला आणि रेल्वेवरच्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या. गच्च भरलेली मोठी बस पंधरा-सोळा टनांच्या घरात जाते. ती कमकुवत पुलावर न्या, असं वेळापत्रक करणाऱ्या माणसाने तरी म्हणू नये.

आमच्या पुलावर आधी कमी उंचीची लोखंडी कमान बसवली, म्हणजे रिक्षा, दुचाकी आणि मोटारी जात राहिल्या, बस आणि ट्रक बंद. लोकांचा सगळ्यात जास्त राग यावर होता. "मोटारी जातात, मग आमचीच बस का नाही?" हा प्रश्न वाहकांना रोज ऐकावा लागला. चूक त्यांची नव्हती आणि उत्तरही त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी बसच्या दारापाशी लावायला एक साधा कागद तयार केला : एका बसचं वजन दहा-बारा मोटारींएवढं असतं आणि ते दोनच आसांवर पडतं, म्हणून. कागद लागल्यावर वाद बरेच कमी झाले. कारण कळलं की माणूस चिडतो, पण ऐकून घेतो.

वाहतूक पोलिसांची अधिसूचना मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 115 आणि 116 च्या आधारे निघते. तिची भाषा ठरलेली असते. अमुक ठिकाणी 'प्रवेश बंद', पुढे 'पर्यायी मार्ग'. मोटारीला तेवढं पुरतं, कारण तिला इथून निघून तिथे पोहोचायचं असतं. बसला मधल्या प्रत्येक थांब्यावर माणसं घ्यायची असतात. पर्यायी मार्गाने बस नेली की मधले थांबे गळतात, आणि तिथे उभी असलेली माणसं कुठल्याच आदेशात नसतात. सगळ्या कामात मी हे एकच धरून ठेवलं. आधी गळणाऱ्या थांब्यांची यादी, मग रस्ता.

यादी करताना पहिली अडचण आकड्यांची आली. तिकीट मशीनमधून कुठल्या टप्प्यावर किती तिकिटं फाडली ते निघतं. त्यानुसार पुलाच्या उतारावरचा एक थांबा जवळपास ओस होता, काढून टाकला तरी चालेल असा. पण त्या मार्गावरच्या एका जुन्या वाहककाकांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, तिथे सकाळी पोरांनी बस भरते. सगळी पासवाली. मशीनला ती दिसायची कशी?" आमच्याकडे पास दाखवून बसणाऱ्याची नोंद बहुतेक वेळा होतच नव्हती. विद्यार्थी, रोज कामाला जाणाऱ्या बायका, ज्येष्ठ मंडळी, म्हणजे बसवर सर्वांत जास्त अवलंबून असणारेच आकड्यांतून वगळले जात होते. मग मी त्या मार्गांवरच्या वाहकांना एकेक करून बसवलं आणि प्रत्येक थांब्यावर सकाळी कोण चढतं, दुपारी कोण, रात्री उशिरा कोण, असं विचारून वहीत लिहून घेतलं. माशांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका कुठे चढतात, रात्रपाळी संपवून येणाऱ्या नर्स कुठे उतरतात, डायलिसिसला जाणारे आजोबा कुठे उभे असतात. पुढचे सगळे निर्णय त्या वहीवरून झाले.

पर्याय दोन होते. एक, सगळ्या बस लांबच्या वळशाने न्यायच्या. वरिष्ठांना हा आवडत होता, कारण मार्गाचा नंबर तोच राहतो आणि कागदावर काही बदलत नाही. पण बसचा हिशेब वेगळा असतो. समजा एका मार्गावर 8 बस आहेत आणि जाऊन-येऊन एक फेरी 80 मिनिटांत होते, तर थांब्यावर दर 10 मिनिटांनी बस येते. वळशामुळे फेरी 120 मिनिटांची झाली, तर त्याच 8 बस दर 15 मिनिटांनी येतील. पूर्वीइतकी वारंवारता ठेवायची तर 12 बस हव्यात, आणि जादा बस कुठल्याच आगारात नुसत्या उभ्या नसतात. शिवाय बस उशिरा आली की थांब्यावर गर्दी वाढते, चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते आणि मागची येऊन तिला चिकटते. मग दोन बस एकापाठोपाठ आणि पुढे अर्धा तास काहीच नाही. वळशाचा त्रास असा पुलापासून लांब राहणाऱ्यांनाही होतो, ज्यांचा पुलाशी काही संबंध नसतो.

दुसरा पर्याय मार्ग तोडण्याचा. अलीकडची बस पुलाच्या या पायथ्याशी संपवायची, पलीकडची त्या पायथ्यापासून सोडायची. चालता येईल त्याने पुलाच्या पदपथावरून जाऊन पुढची बस पकडायची. ज्यांना चढ झेपत नाही, त्यांच्यासाठी लहान मिडी बस वळशाने फिरवायच्या. मी यासाठी आग्रह धरला. "लोकांना चालायला लावता?" असं बैठकीत विचारलं गेलं, आणि तो प्रश्न योग्यच होता. वहीतून दाखवलं की बहुतेक प्रवासी पूल ओलांडतच नाहीत, ते आपापल्या बाजूने स्टेशनला जातात. त्या सगळ्यांची बस वेळेवर ठेवायची, की सगळ्यांनाच वळसा घालायचा? शेवटी मार्ग तोडायचं ठरलं.

ठरल्यावर खरं काम सुरू झालं. तिकिटाचंच बघा. अलीकडच्या बसमध्ये काढलेलं तिकीट पलीकडच्या बसमध्ये चालणार नसेल, तर पूल बंद झाल्याचा भुर्दंड प्रवाशाच्या खिशातून जाणार. भाडं अंतराच्या टप्प्यांवर ठरतं, त्यामुळे वळशाच्या मिडी बसला मशीन आपोआप जास्त पैसे दाखवत होतं. दोन्हीकडे जुनेच टप्पे ठेवायचे आणि एकच तिकीट दोन्ही बसमध्ये धरायचं, हे मान्य करून घ्यायला पुष्कळ पत्रव्यवहार झाला. त्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तपासनिसांना लेखी आदेश आधी पोहोचायला हवा. नाहीतर पलीकडच्या बसमध्ये चढलेल्या बाईला 'विनातिकीट' म्हणून दंड व्हायचा, आणि तिचं काहीच चुकलेलं नसायचं. तो आदेश हातात पडेपर्यंत मी बदल सुरू करू दिला नाही.

मग जागा. पुलाच्या पायथ्याशी बारा मीटरची बस वळवायची तर मोकळा चौक लागतो, आणि तिथे रिक्षा थांबा होता. रिक्षावाल्यांशी बोलून त्यांची रांग थोडी पुढे सरकवली. बसमधून उतरणारे लोक आपल्याकडेच येतील हे त्यांच्या लक्षात आल्यावर ते स्वतःच गाड्या शिस्तीत लावू लागले. आणि स्वच्छतागृह. जिथे फेरी संपते तिथे चालक-वाहकांना जायला जागा हवीच. वाहक म्हणून मी ते भोगलं आहे, दिवसभर पाणी न पिता काढलेल्या ड्युट्या मला आठवतात. एका बाजूला जवळच्या बाजारातलं मिळालं, दुसऱ्या बाजूला फिरतं ठेवायला लावलं.

मिडी बसचा वळसा ठरवताना रिकामी बस घेऊन आम्ही सकाळच्या गर्दीत फिरलो. रस्ता दुपारी बघून उपयोग नसतो, दुपारी प्रत्येक गल्ली रुंद असते. सकाळी दूधवाले, शाळेच्या व्हॅन, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी. चालकाने एका वळणावर बस थांबवली आणि खाली उतरून नाल्यावरचा स्लॅब दाखवला, कडेला तडे होते. एका पुलावरचं वजन वाचवायला निघालेलो आम्ही, दुसऱ्या छोट्या पुलावर ते टाकणार होतो. अभियंत्यांना बोलावून तपासणी करून घेतली आणि तेवढा भाग दुसऱ्या गल्लीतून काढला. एका सोसायटीसमोर गणपतीचा मंडप अर्धा रस्ता घेतो, तेवढ्या दिवसांसाठी वेगळी वाट आधीच ठरवून ठेवली. नवी मुंबईकडे जाणारा एक मार्ग कळव्याहून विटाव्यामार्गे न्यायचा होता, पण विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली जोराच्या पावसात पाणी साचतं. म्हणून त्याची पावसाळी आणि कोरडी अशी दोन वेळापत्रकं केली. नियंत्रकाने फोन केला की दुसरं लागू.

तेव्हा लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 नुसार दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागायची. फेरी लांबली की हे गणित कोलमडतं, आणि मग ती विश्रांतीच सगळ्यात आधी खाल्ली जाते. युनियनच्या माणसांना पहिल्याच बैठकीला बसवलं होतं, त्यामुळे शेवटची फेरी कमी करायची की विश्रांती, हा वाद रस्त्यावर न होता टेबलावर झाला. फेरी कमी झाली.

पहिले काही दिवस गोंधळाचे गेले. थांब्यांवर चिकटवलेले कागद पहिल्याच पावसात गळून पडले, मग पत्र्यावर रंगवून घेतले. पुलाच्या दोन्ही बाजूंना वाहक उभे केले, आणि लोकांना सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच झाला.

काम काही महिन्यांचं आहे असं सुरुवातीला सांगितलं होतं. मी वेळापत्रक दीर्घ काळासाठीच करायला घेतलं, कारण आजूबाजूचा अनुभव समोर होता. कल्याणचा पत्रीपूल ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाला, नवा सुरू झाला जानेवारी 2021 मध्ये. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर 2019 ते सप्टेंबर 2021. रुळांवर 25,000 व्होल्टची तार असते, गर्डर, म्हणजे पुलाची लोखंडी तुळई, चढवायचा तर ती बंद करून रात्रीचा ब्लॉक मिळावा लागतो, आणि लोकल बंद ठेवायला मिळते ती थोडेच तास. एक रात्र हुकली की पुढची कधी मिळेल ते रेल्वेच्या वेळापत्रकावर ठरतं.

आमचा पूल अजून बंदच आहे. मधल्या काळात एक गोष्ट झाली. मिडी बस ज्या गल्ल्यांतून वळसा घालते, तिथे आधी कधीच बस नव्हती. आता तिथल्या मुली कॉलेजला त्या बसने जातात, म्हातारी माणसं दवाखान्यात जातात. पूल सुरू झाल्यावर या बस दुसऱ्या मार्गांवर हलवायच्या असं आज तरी ठरलेलं आहे. ते बदलावं म्हणून मी प्रस्ताव वर पाठवला आहे आणि दर महिन्याला या थांब्यांचे आकडे त्याला जोडते. या वेळी पासचीही नोंद होते, वाहक मशीनवर शून्य रुपयांची पावती काढतात. तुमच्या भागात अशी वळशाची बस येत असेल आणि तुमच्याकडे पास असेल, तर चढताना वाहकाला थांब्याचं नाव सांगून नोंद करायला लावा. नसेल तर तिकीट मागून घ्या.