बाघची लेणी आणि माझी ग्वाल्हेरवाली

आमच्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला येते, येते, असं माझी ग्वाल्हेरची मैत्रीण गेली कित्येक वर्षं म्हणत होती. यंदा खरंच आली. झांक्या पाहून झाल्या, राजवाड्यापासून घरापर्यंत पायपीट झाली, सराफ्यात रात्री दोनला भुट्ट्याचा कीसही झाला. दुसरा दिवस झोपण्यात गेला. संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, "उद्या मांडू?" बहुतेक पाहुण्यांना मी मांडूलाच नेते, ते सोपं पडतं.

"मांडू पाहिलंय गं. मला बाघला ने."

"बाघला काय आहे आता? लेण्यांतली चित्रं तर तुम्हीच नेलीत ग्वाल्हेरला."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "चित्रं लहानपणापासून बघतेय. भिंत कुठे पाहिलीये?"

यावर काय बोलणार? सकाळी सहाला रामबागेतून गाडी काढली. पोहे खाल्ल्याशिवाय इंदूर सोडायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या ठेल्यावर वाफेचे पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, शेजारी जलेबी. ग्वाल्हेरवाली दरवेळी जिरावनावर नाक मुरडते आणि दरवेळी पुडी बांधून नेते.

इंदूर ते बाघ दीडशे किलोमीटरच्या वरच पडतं. धारपर्यंत रस्ता गुळगुळीत. पुढे टांडा गावाकडे वळलं की माळव्याचं पठार संपत येतं, सोयाबीनची पिवळी पडलेली शेतं मागे राहतात आणि विंध्याचे उतार सुरू होतात. लाल माती, सागाची पानं, ताडाची झाडं, डोक्यावर चाऱ्याचे भारे घेतलेल्या भिल्ल बायका. गाडीत आमचा एक जुना खेळ चालू होता, कुठून कुठपर्यंत कोणाचं राज्य ते ओळखायचं. इंदूर होळकरांचं, धार पवारांचं आणि बाघ थेट शिंद्यांचं. अर्ध्या दिवसात तीन मराठी दौलती! बाघ ग्वाल्हेरकडे कसं गेलं, हा प्रश्न तिला पडला होता. उत्तर आमच्या इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या आवारात आहे. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांनी १८५७ मध्ये इंग्रजांशी लढा दिला आणि १८५८ च्या फेब्रुवारीत त्यांना तिथल्याच एका कडुनिंबाला फाशी दिलं. अमझेरा इंग्रजांनी घेतलं आणि शिंद्यांना देऊन टाकलं. त्या मुलखात बाघचा हा डोंगरही होता.

"म्हणजे फुकटात मिळालं आम्हाला," ती म्हणाली. नंतर जरा वेळ गप्प बसली.

टांड्याच्या अलीकडे टायर बसला. स्टेपनीतही हवा नव्हती, दोष सर्वस्वी माझा. एका पोराने मोटरसायकलवर टायर नेला, पंक्चर काढून आणला आणि वरून आम्हाला दोन काकड्या दिल्या. पाऊण तास गेला, पण त्या काकडीची चव अजून जिभेवर आहे.

गावाच्या पाट्यांवर "बाग" लिहिलंय, नदी मात्र बाघनी आणि देवी बाघेश्वरी. बगिच्याचं गाव की वाघाचं, याचा निकाल पाट्या रंगवणाऱ्यानेच लावावा. मी वाघाच्या बाजूची. अजिंठ्याखालून वाहते ती वाघूर, इथे बाघनी. दोन्हीकडे नदीच्या वळणावर कडा, कड्यात भिक्षूंचे विहार. भिक्षूंना वाघाच्याच पाण्याकाठी राहायला आवडायचं की काय कोण जाणे. की मागून आलेल्या आपल्यासारख्यांनाच अशा ओसाड जागी वाघ दिसायचे?

गावापासून सातेक किलोमीटरवर नदी ओलांडली की समोर डोंगराचा उभा कापलेला चेहरा आणि त्यात काळी तोंडं. नदीला पाणी चांगलं होतं, पाऊस नुकताच संपलेला. पायऱ्या चढून वर गेलं की पहिली गोष्ट कळते ती गारवा. दुसरी, वटवाघळांचा वास.

मुळात नऊ लेणी, त्यांतली पाच कशीबशी उभी आहेत. बाकीची ढासळली. कारण कड्याकडे नीट पाहिलं तर दिसतं. खाली वालुकाश्म आणि त्याच्या डोक्यावर मातकट, ठिसूळ दगडाचा थर. हा थर पाणी पितो, जड होतो, आणि खालचं छत खचतं. अजिंठ्याचा काळा कठीण बेसॉल्ट इथे नाही. इथे कोरणाऱ्याचा हात लवकर चालला असेल, पण कोरलेलं टिकवायला पुढच्या पिढ्यांना झटावं लागलं. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ते स्पष्ट दिसतं. चौकोनी मोठी सभा, भोवती भिक्षूंच्या खोल्या, खांबांच्या रांगा, आणि ऐन मध्यभागी चार जास्तीचे गोल खांब, छताला आधार म्हणून. त्यात भर म्हणून आपल्या काळातल्या दुरुस्तीचे नवे, सपाट, कंटाळवाणे खांब.

इथे मला नेहमी एक ताम्रपट आठवतो. याच दुसऱ्या लेण्यात तो सापडला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने या विहाराला एक गाव दान दिलं, त्याचा तो कागद. कशासाठी दान? बुद्धाच्या पूजेला गंध, धूप, फुलं. भिक्षूंना वस्त्र, अन्न, औषधं, अंथरुण. आणि विहारात जे मोडलं-फुटलं असेल त्याच्या दुरुस्तीसाठी. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही इथे छत गळत होतं आणि कोणीतरी राजाकडे दुरुस्तीचा खर्च मागत होतं! आमच्या सोसायटीच्या मीटिंगा मला एकदम पवित्र वाटू लागल्या. त्या ताम्रपटात या विहाराचं नाव "कलायन" असं दिलं आहे. पट अर्थातच ग्वाल्हेरच्या संग्रहालयात.

"तुम्ही ठेवलंय काय इथे?" मी विचारलं.

"वटवाघळं," ती म्हणाली.

आतल्या दालनात, स्तूपाच्या खोलीबाहेर, दोन्ही भिंतींवर पुरुषभर उंचीहून मोठ्या मूर्ती आहेत. मध्ये बुद्ध, दोन्ही बाजूंना एकेक सेवक. असे समोरासमोर दोन गट. चौकीदार आमच्याबरोबर टॉर्च घेऊन आला होता. त्याने उजेड टाकला आणि सांगितलं, "ये पांडव." लेण्याचं नावच मुळी पांडव गुंफा. मी आपली मोजत बसले. तीन आणि तीन, सहा.

"भैया, पांडव तो पाँच थे."

"छठे किशन भगवान," तो एका दमात म्हणाला. हा प्रश्न त्याला रोज कोणीतरी विचारत असणार.

मागच्या खोलीतला स्तूप मात्र मला फार आवडतो. बाहेरून आणून ठेवलेला नाही. डोंगर आतून पोखरताना तेवढा गोळा तिथेच सोडून दिला आहे. त्याला हात लावला तर गार, किंचित ओलसर. पूर्वी आले होते तेव्हा हे लक्षातच आलं नव्हतं; तेव्हा सासरच्या पाहुण्यांचे फोटो काढण्यात सगळा वेळ गेला होता.

तिसरं लेणं हाथीखाना. ते पटकन उरकलं. खरं यायचं होतं ते चौथ्याला, रंगमहालाला.

चौथ्या आणि पाचव्या लेण्यांसमोर एकच सलग ओसरी होती, दोनशे वीस फुटांची, खांबांची. खांब आणि छत कधीच कोसळले. मागची भिंत तेवढी राहिली, उघड्यावर, ऊनपावसात. या भिंतीवरच बाघची प्रसिद्ध चित्रं होती. तांबूस मातीचा जाड गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि त्यावर रंग. १८१८ मध्ये डेंजरफील्ड नावाच्या एका इंग्रज लेफ्टनंटने या लेण्यांबद्दल लिहिलं, तेव्हापासून लोक येऊन बघत गेले आणि चित्रं विझत गेली. १९२१ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे चित्रकार मंडळींना बोलावून नकला करून घेतल्या. नकला करणाऱ्यांत आपटे, भांड, भोसले, जगताप हेही होते. ग्वाल्हेरवालीला हे माझ्याकडूनच कळलं आणि ती खूश झाली. "ही तर आमच्या गल्लीतली नावं!" त्या वेळी ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मो. बा. गर्दे यांच्याकडे होती. ग्वाल्हेरच्या गुजरी महालातलं संग्रहालय १९२२ मध्ये लोकांना खुलं झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे १९८२ मध्ये भिंतीवर जी चित्रं उरली होती ती गिलाव्यासकट काढून ग्वाल्हेरला नेली. नाहीतर आज तीही नसती, हे मला मान्य आहे. तरी त्या भिंतीसमोर उभं राहिलं की घरातला देव्हारा रिकामा दिसावा तसं होतं.

मी हे असं काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात माझी मैत्रीण पर्स माझ्याकडे देऊन भिंतीला समांतर चालू लागली. डावीकडून सुरुवात.

"इथे दोघी बसल्यात. एक रडतेय, तोंडावर हात घेऊन. दुसरी तिची समजूत घालतेय. छपरावर कबुतरं." चार पावलं. "इथे चौघं पुरुष, गादीवर मांडी घालून. काहीतरी खल चाललाय." पुढे. "इथे वर आकाशात उडणारे, खाली बायका, एकीच्या हातात वीणा." मग थोडं थांबून, हाताने वर्तुळ काढत, "आणि इथे नाच. मधे एक नाचणारा, भोवती बायका. एकीकडे ढोल, एकीकडे झांजा, आणि या अशा टिपऱ्या." तिने हातातली दोन पेनं एकमेकांवर आपटली. "मग घोडे. मग हत्ती."

शाळेची सहल दरवर्षी गुजरी महालात. पावसाळा, मे महिना, पाहुणे, सगळ्यांना गुजरी महाल. भिंतीला टांगलेली चित्रं तिने इतक्यांदा पाहिली होती की क्रम पाठ होता. फक्त ती एकामागून एक का आहेत, हे तिला कधी कळलं नव्हतं. इथे चालताना कळलं. रडणारी बाई आणि टिपऱ्यांचा नाच यांच्यात तिच्या पायांना नेमकं किती अंतर पडतं, तेही. घोड्यांपाशी पोहोचेपर्यंत तिला धाप लागली होती.

चौकीदार मागे उभा राहून ऐकत होता. "मैडम को सब दिखता है," तो मला हळूच म्हणाला. भिंतीवर खरं तर काय होतं? गिलाव्याचे काही डाग, एका ठिकाणी गेरूसारखी पुसट रेघ, आणि कोणा प्रेमवीराने खिळ्याने कोरलेली दोन नावं. त्या रेघेशी आम्ही दोघी बराच वेळ उभ्या होतो. ती म्हणे हत्तीची सोंड. मला वाटलं घोड्याचं मानेचं वळण. वाद मिटला नाही.

भूक लागली तेव्हा तीन वाजले होते. गावाबाहेर एका झोपडीवजा हॉटेलात दाल-पानिये मिळाले. मक्याच्या पिठाचा गोळा पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात. पानाच्या शिरा भाकरीवर उमटलेल्या असतात. वर तूप, सोबत उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. आमच्या बाफल्याचा, म्हणजे उकडून भाजलेल्या बाटीचा, हा गरीब आणि जास्त चवदार भाऊ.

परतताना छपाईच्या एका कारखान्यात शिरलो, कारण बाघला येऊन कापड न घेता परत गेलं तर घरी कोणी विश्वास ठेवत नाही. खत्री कुटुंबांचं हे काम, मूळची सिंधकडची माणसं. एक मुलगा टेबलाशी उभा राहून ठसा मारत होता. रंगाच्या गादीवर ठसा टेकवायचा, कापडावर आधीच्या नक्षीच्या टोकाला टोक जुळवून ठेवायचा आणि मुठीच्या कडेने वर एक ठोसा. ठक्. परत. ठक्. मी डोळा लावून पाहिलं, जोड कुठे आहे ते दिसेना. काळा रंग लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून करतात, लाल तुरटी आणि अलिझरिन या रंगद्रव्याचा. छापताना लाल नक्षी फिकी, मळकट दिसते. कापड नदीत धुऊन, मग तांब्याच्या मोठ्या कढईत धावड्याच्या फुलांबरोबर उकळलं की ती लाल होते. बाघनीच्या पाण्यालाच हा रंग येतो, असं इथे सगळे सांगतात. कारखान्याच्या मागे कापड वाहत्या पाण्यात सोडलेलं होतं आणि दोन माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ते दगडावर आपटत होती. लेण्यांखालून येणारं तेच पाणी.

ग्वाल्हेरवालीने एक ओढणी घेतली, पांढऱ्यावर लाल-काळी. घासाघीस माझ्यावर सोपवली, मी हरले. दुकानदाराने बजावलं, पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळी धुवा.

परतीला मी गाडी चालवत होते आणि ती धारपर्यंत झोपली. घाटाबिलोदला ट्रकांची रांग लागली होती, घरी पोहोचायला दहा वाजले. तशाच रात्री तिने हौसेने बादलीत मीठ टाकून ओढणी बुडवली, पाणी किती लाल होतंय ते मला हाक मारून दाखवलं, आणि पिळून गॅलरीत वाळत घातली.

सकाळी गाडी पकडायच्या घाईत ओढणी तशीच राहिली. जिरावनाची पुडी मात्र आठवणीने नेली. काल फोनवर म्हणाली, कुरिअर करू नकोस, हरवेल, तूच घेऊन ये. म्हणजे बाघची आणखी एक वस्तू ग्वाल्हेरला पोहोचवायची आहे, आणि या खेपेला हमाल मी. दिवाळीनंतरचं तिकीट बघतेय. त्या हत्तीच्या सोंडेचाही एकदा निकाल लावायचाय.