क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

पर्वरी. गुरुवार, रात्री.

बोरी पुलाजवळून एक दोन सीटची स्पोर्ट्स कार आज फ्लॅटबेडवर आली. मागच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची मॅन्युअल. सोबत मालकाचा निरोप, "क्लचप्लेट जळली, गिअरबॉक्स उतरवा." पेडल मात्र तळाला टेकलेलं. पायाच्या अंगठ्याने उचललं तर वर येतं, दाबलं की काही न लागता परत खाली.

क्लचप्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती. ती अशी एका झटक्यात सहसा जात नाही. ती आधी कित्येक दिवस सांगत असते. चोर्ल्याच्या चढावर वरच्या गिअरात रेस दिली की टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा चढतो, गाडी तेवढी उचलत नाही, मागोमाग जळका वास येतो. म्हापशाला सगळं ठीक आणि पर्वरीच्या सिग्नलला गिअरच पडत नाही, असं झालं तर आधी हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत नेणारी लाइन, बघायचं. पेडल ताठ असेल आणि तरी क्लच सुटत नसेल, तर फोर्क (क्लच सोडवणारा दांडा), प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी) किंवा प्लेट चिकटल्याचा संशय घ्यावा. पावसाळाभर बंद उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) धरते, आपल्याकडे हे वरचेवर दिसतं.

पहिली चाचणी फुकटची आहे. इंजिन बंद असताना सहाही गिअर आणि रिव्हर्स पडले, चालू केल्यावर अडले. म्हणजे गिअरबॉक्स धड आहे, क्लच सुटत नाहीये. मग पेडल दहा-बारा वेळा भरभर मारलं. अशाने थोडा जीव आला तर लाइनमध्ये हवा असते किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलमागचा, ऑइलला दाब देणारा) रबर आतल्या आत दाब सोडत असतं. पेडल हळू दाबल्यावर बुडतं आणि झटक्यात दाबल्यावर धरतं, ही मास्टरची खूण. आज काहीच आलं नाही.

ब्रेक ऑइलची टाकी उघडली तर पातळी मिनिममच्या खाली. या गाडीत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच, पण क्लचचा पाइप वरच्या अंगाला असतो. त्यामुळे ऑइल गळालं की आधी क्लच जातो, ब्रेकपुरतं ऑइल खाली उरतं. ऑइल गेलं कुठे? पेडलमागचं कार्पेट कोरडं, म्हणजे मास्टर बाहेर गळत नाही. पाइपचे सांधेही कोरडे. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, तळाच्या भोकातून मात्र थेंब लोंबत होता.

इथे घाई नको. तिथून इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, तिन्ही गळू शकतात. बशीत पाणी घेऊन त्यात थेंब सोडला. तेल असतं तर वर तरंगलं असतं, हा विरघळून गेला. ब्रेक ऑइलच. या गाडीचा स्लेव्ह, म्हणजे मास्टरकडून आलेल्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती, बेल हाउसिंगच्या आतच बसतो. म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, मालक तेवढं बरोबर बोलले. पण कारण प्लेट नाही, आणि नुसती नवी प्लेट घालून गाडी दिली असती तर ती गेटपर्यंतही गेली नसती.

टाकीतलं ऑइल कॉफीसारखं काळपट होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि गोव्याच्या हवेत त्याला तोटा नाही. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की मर्यादा १५५ वर येते. त्याच पाण्याने आतला धातू गंजतो, खरबरीत होतो आणि सील कापतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी. बहुतेक जण ब्रेकचं बदलतात आणि क्लचची लाइन तशीच ठेवतात, तिथेच चुकतं.

गिअरबॉक्स एकदा खाली आला की कंजुसी करू नये. बेअरिंगसकट नवा स्लेव्ह, प्लेट, प्रेशर प्लेट, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील. प्लेटवर ब्रेक ऑइल उडालं असेल तर ती धुऊन चालत नाही, पुढे धक्के मारते. गिअरबॉक्स खाली असताना पेडलला कोणी पाय लावायचा नाही, नव्या स्लेव्हचा पिस्टन बाहेर पडतो. पेडलवर चिठ्ठी चिकटवली आहे.

लाइनमधली हवा काढायला बंद डब्यातलं नवं डॉट ४, अर्धा लिटर जवळ असू दे. निपलला (हवा सोडायच्या तोटीला) पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइलात बुडवलेलं. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल हाताने वर आणायचं. टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात, शिवाय ब्रेकमध्येही हवा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओतायचं, नाहीतर रंग उठतो.

शेवटी इंजिन चालू, पेडल दाबून पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. करकर न होता पडला पाहिजे. मग भोकाखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर गाडी उभी करायची आणि सकाळी पुठ्ठा कोरडा आहे का बघायचं.