इंजिन न उघडता खरा टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा): स्टॉपर लावून मोजणी

सद्यस्थिती: चार सिलिंडरचे पुशरॉड इंजिन, हेड बसलेले, चेनचे कव्हर बंद. क्रँकच्या पुलीवर टीडीसीची खूण आहे, पण पुली रबरवाली आहे. रबर जुने झाले की बाहेरचे कडे सरकते आणि खूण खोटी ठरते. म्हणून आधी टीडीसी, मग टायमिंग (ठिणगीची वेळ).

प्लगच्या भोकातून डायल गेज (काट्याचे मोजमाप यंत्र) लावून पिस्टनची सर्वांत वरची जागा शोधणे मोहक वाटते, पण तिथेच पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. 80 मिमी स्ट्रोक आणि 140 मिमी रॉड धरला, तर टीडीसीपासून 1 अंशावर पिस्टन जेमतेम 0.008 मिमी खाली असतो. 30 अंशांवर मात्र दर अंशाला 0.4 मिमीहून जास्त सरकतो. खात्रीचे माप तिथेच मिळते. म्हणून स्टॉपरने पिस्टन टीडीसीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर अडवायचा आणि मध्य घ्यायचा.

स्टॉपर जुन्या प्लगचाच: चिनीमाती काढून आत आटे पाडायचे, गोल टोकाचा बोल्ट बसवायचा. बोल्टमधून बारीक भोक आरपार हवे, नाहीतर कोंडलेली हवा आडवी येते. पिस्टन टोकापासून 6–7 मिमी खाली अडेल एवढी लांबी ठेवावी.

बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा. एक नंबरचे रॉकर ढिले करा. क्रँक उलटा फिरताना उघडणारा व्हॉल्व्ह स्टॉपरवर आपटू शकतो. डिग्री व्हील (अंश कोरलेली चकती) क्रँकला घट्ट, तारेचा काटा ब्लॉकला, शून्य अंदाजे. आता स्टॉपर लावा आणि पान्याने हळूच, टेकेपर्यंतच फिरवा. स्टार्टर अजिबात नको, पिस्टनला भोक पडेल.

सुलट फिरवताना शून्याआधी 27, उलट फिरवताना शून्यानंतर 33. म्हणजे टीडीसी शून्याच्या 3 अंश पुढे. व्हील न हलवता काटा वाकवून दोन्हीकडे 30 आणा, आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी तपासा. आकडे जुळले नाहीत तर व्हील घसरले आहे. व्हील नसेल तर पुलीवर दोन खुणा करून पट्टीने मध्य काढा. 150 मिमी पुलीवर 1 अंश म्हणजे 1.3 मिमी.

टायमिंग बेल्टच्या इंजिनात उलट फिरवणे टाळावे, बेल्ट दात सोडू शकतो. तिथे डायल गेजच वापरा, पण चढताना आणि उतरताना 1 मिमी खालचे अंश नोंदवून मध्य घ्या.

स्टॉपर काढला, रॉकर पुन्हा लावले. पिस्टन दोनदा वर येतो; फायरिंगचा (ठिणगीचा) टीडीसी तोच, जिथे एक नंबरचे दोन्ही टॅपेट ढिले आणि चार नंबरचे व्हॉल्व्ह अदलाबदलीत (एक मिटताना, दुसरा उघडताना) असतात. पुढचे काम: पुलीवर नवी खूण कोरणे, मग डिस्ट्रिब्यूटर.