उर्वशी घाटावर: पालवी टिकली

उर्वशीच्या रोपानं पुण्याचा उन्हाळा काढला आणि यंदा एप्रिलमधली कोवळी पालवी करपली नाही. फुलायला अजून वेळ आहे, पण माझ्या दृष्टीनं ही मोठी मजल आहे.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जिनं वेड लावलं, तीच ही ॲम्हर्स्टिया नोबिलिस. नवी पानं तांबूस-गुलाबी, झुबक्यानं मलूल लोंबतात. मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. पहिल्यांदा लावणाऱ्याला वाटतं रोप वाळलं, आणि तो पाणी ओतत सुटतो. तसं करू नका, ती तिची रीतच आहे.

झाड मूळचं म्यानमारचं. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांनी ते १८२७ मध्ये मार्ताबानजवळच्या एका मठाच्या बागेत पाहिलं. पुढे इंग्लंडमध्ये ते फुलवण्याची चढाओढ लागली आणि १८४९ मध्ये लंडनजवळच्या ईलिंग पार्कमध्ये लुइसा लॉरेन्स यांच्या काचघरात पहिला बहर आला. मला यातून दिशा मिळाली. थंड देशात ऊब आणि दमटपणा दोन्ही कृत्रिम पुरवून ती फुलली. पुण्यात ऊब फुकट आहे, कमी पडतो तो हवेतला ओलावा. मार्च ते मेची कोरडी हवा हाच खरा प्रश्न.

म्हणून आंब्याच्या पूर्वेला, फक्त सकाळचं ऊन मिळेल अशी जागा निवडली. पश्चिमेकडून शेडनेट. काळी चुनखडीची माती काढून लाल माती आणि कुजलेला पालापाचोळा भरला. बोअरचं पाणी बंद केलं: जड पाण्यानं मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं, शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडतं. आता टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी देतो. सगळ्यात जास्त फरक मात्र भोवती लावलेल्या केळी आणि अळूनं पडला. पानांवर मारलेला फवारा तासाभरात उडून जातो. केळीचा आडोसा दिवसभर ओलावा धरतो. जमिनीवर जाड आच्छादन हवंच. थंडीत वाढ थांबते, तेव्हा पाणी कमी.

त्याच अंगणात बहाव्याची तऱ्हा उलटी. त्याला फेब्रुवारीपासून पाणी तोडलं, पानं झडली आणि मे महिन्यात झुंबरं लोंबली. कोरडा ताण हीच त्याची बहराची खूण. सिंगापूरसारख्या बारमाही पावसाच्या गावीसुद्धा बरीच झाडं कोरड्या आठवड्यांनंतरच भरभरून फुलतात. कोकणातल्या मित्राकडे उर्वशी यातली कुठलीच मेहनत न घेता वाढतेय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

बी क्वचितच धरतं, त्यामुळे पावसाळ्यात गुटी बांधणार आहे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू देणार आहे. मुळं सुटायला वेळ लागतो, फांदी घाईनं कापू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी आधी सीता अशोक लावून पाहावा. तो उर्वशीचाच नातलग, त्याचीही पालवी अशीच लोंबते, आणि ती उन्हाळ्यात टिकली तर तुमची जागा उर्वशीला चालेल असं मी समजेन.