पोटरीतली थंडी

भाताला थंडी रोपावस्थेत बाधते आणि पोटरीतही, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हा. रोपं पिवळी पडली की लांबूनही दिसतात. पोटरीतलं नुकसान मात्र उशिरा कळतं. पीक निसवतं, बाकीच्या लोंब्या वाकतात आणि पोचट दाण्यांची लोंबी तेवढी ताठ उभी राहते.

त्या दिवशी तपासायच्या लाईन, म्हणजे नव्या वाणासाठी वाढवलेले भाताचे वंश, ओरायझा रुफिपोगॉन या रानभाताच्या संकरातून आलेल्या होत्या. चीनच्या जियांगशी प्रांतात, दोंगशियांगला, साधारण २८ अंश उत्तरेला हा रानभात वाढतो. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, पण जमिनीतला बुडखा जगतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. असा काटकपणा कोणाला नको? पण त्याच्याबरोबर लांब कुसळं, लाल तांदूळ, आडवी वाढ आणि पिकताच गळणारे दाणेही येतात. ते काढून टाकण्यासाठी लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो, आणि दर पिढीत हवा तो गुण हातचा निसटण्याची धास्ती असते.

शेंडेपानाचा सांधा खालच्या पानाच्या सांध्याशी आला, की आत कोवळे परागकण तयार होत असतात. नेमके तेच फुटवे आम्ही खुणेचे दोरे बांधून ठेवले होते. झाडं १९ अंशांच्या खोल पाण्यात ठेवून झाली होती. एवढ्या गारव्याने पान कोमेजतही नाही, पण परागकोशाच्या आतल्या थराचं काम बिघडतं आणि परागकणांत स्टार्च भरत नाही.

न उमललेल्या फुलातला परागकोश काचपट्टीवर चिरडला, आयोडीनचा थेंब टाकला. रोपावस्थेत १० अंशांना सर्वांत हिरवी राहिलेली लाईन आधी घेतली. फिकट, सुरकुतलेले कण, म्हणजे आत स्टार्च नाही. दुसरं फूल, तिसरं फूल, तेच. मग रोपावस्थेत जेमतेम तगलेली एक लाईन लावली, आणि काचेखाली काळेभोर, गोल, ठासून भरलेले कण दिसले! मी सहकाऱ्याला हाक मारली. त्यानेही दुसऱ्या झाडाचं फूल आणून पाहिलं. तेही तसंच.

रोपाची सहनशक्ती आणि पोटरीतली सहनशक्ती बहुतांशी वेगळ्या जनुकांवर चालते, हे माहीत होतं. तरी निवड करताना हिरव्या रोपांकडेच हात जातो, कारण तीच चाचणी स्वस्त आणि झटपट. माझ्या मते पोटरीची चाचणी टाळून थंडीचा वाण निवडूच नये. शेतकऱ्याच्या खळ्यावर दाणाच मोजला जातो.

संध्याकाळी त्या दोन्ही लाईनचा आपसांत संकर करायचं ठरलं. दुसरीचे दाणे अजून गळतात, म्हणून तिच्या लोंब्यांना आधी पिशव्या बांधल्या.