चार फर्मे

गुरुवार, रात्री पावणेबारा

बाबांनी पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही. आधी वास घेतला, मग अंगठा कडेवरून वरून खाली फिरवला आणि म्हणाले, "हे वाचलेलं नाहीस तू."

एवढंच. विचारलंही नाही, सरळ सांगितलं. मग चष्मा पुसत बसले आणि आज आमटीत गोडा मसाला जास्त पडला का, यावर सुनेशी बोलायला लागले. माझं जेवण मात्र तिथंच संपलं.

पुस्तक म्हणजे बुकेच्या मोहिमेचं, कर्नल बुके या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ओहायोच्या आदिवासी जमातींवर काढलेल्या. ("बुके कसला? फुलांचा?" असं बाबांनी रविवारीच विचारून घेतलंय.) १८६८ची सिनसिनाटीची आवृत्ती, रॉबर्ट क्लार्कच्या ओहायो खोऱ्याच्या मालेतलं पहिलं पुस्तक, प्रस्तावना इतिहासकार पार्कमनची. फिलाडेल्फियाची मूळ १७६५ची प्रत माझ्या सात पिढ्यांना परवडायची नाही. बेंजामिन वेस्टची चित्रं असलेली लंडनची १७६६ची, तीही नाही. म्हणून ही. हिचेही दोनशे दहा डॉलर मोजले होते आणि घरात एकशे दहा सांगितले होते. (इथं लिहिलं म्हणजे आता कळेलच.) विकणाऱ्यानं वर्णनात लिहिलं होतं, पानं न कापलेली. तेव्हा मला तो प्रतीचा गुण वाटला होता. बाजारात तो गुणच आहे, पानं कापली की किंमत उतरते.

पण ज्या माणसाचं आयुष्य कटिंग मशिनशेजारी गेलं त्याला हे काय सांगणार? मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, झाला सोळा पानी फर्मा. फर्मे शिवायचे, तीन बाजू कापायच्या, की पानं सुटी. कापलंच नाही तर पानं वरून आणि बाजूनं जोडलेली राहतात आणि वाचणाऱ्याला सुरी घेऊन बसावं लागतं. लहानपणी दिवाळी अंकात एखादं पान असं जोडलेलं निघायचं, आणि ते पट्टीनं कापायचा मान कोणाचा यावरून ताई आणि मी भांडायचो. हे सगळं मला माहीत होतं. तरी सहा वर्षं ते पुस्तक कपाटात तसंच.

आत्ता सगळे झोपल्यावर खाली जाऊन मोजलं. पहिले चार फर्मे कापलेले, पुढचे सगळे बंद. आणि ते चारही मी कापलेले नाहीत.

वाचलेलं नाहीस तू.

स्कॅन वाचलंय ना मी. कंप्युटरवर. वाचलंय का? बुशी रनची लढाई मला तोंडपाठ आहे. ५ आणि ६ ऑगस्ट १७६३, फोर्ट पिट या ब्रिटिश किल्ल्याला (आजचं पिट्सबर्ग) शिधा घेऊन निघालेली बुकेची फौज, पाचशेसुद्धा नाही, जंगलात आदिवासींनी चहूबाजूंनी घेरलेली. टेकडीवर पाणी नाही. पिठाची पोती रचून जखमींसाठी आडोसा केलेला. दुसऱ्या दिवशी माघार घेतल्याचं सोंग करून शत्रूला पुढे ओढलं आणि बाजूनं मारलं. बुकेची पन्नास माणसं गेली. रविवारी बाबांना तिथं नेलं होतं, तेव्हा हे सगळं एका दमात सांगितलं. ते पोत्यांच्या स्मारकाच्या दगडापाशी उभे राहून म्हणाले, "आणि एवढं पीठ नंतर खाल्लं का कुणी?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आता बघतो तर बुशी रन या पुस्तकाच्या प्रास्ताविकातच येतं आणि चौथ्या फर्म्याच्या आत संपतं. म्हणजे स्कॅनही मी तिथवरच वाचलं असणार. खरी मोहीम, ज्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं, ती पुढे आहे, १७६४ची, बंद पानांत.

पंधरा वर्षं झाली ही जुनी पुस्तकं जमवतोय. माणसं गोल्फ खेळतात, बोटी घेतात, त्यांना कोणी अंगठा फिरवून बघत नाही. तळघरात ओल येऊ नये म्हणून ते मशीन रात्रंदिवस घरघरत असतं, त्याचं बिल मी भरतो. कसर लागू नये म्हणून मी जपतो. सरहद्दीवरच्या लढायांचा इतिहास लिहिणाऱ्या विदर्सची १८३१ची प्रत मिळाली, क्लार्क्सबर्गची, पुठ्ठा निखळलेला, शेवटची पानं तपकिरी डागांनी भरलेली, तेव्हा या घरात एका माणसानं तरी ती हातात घेऊन बघितली का? नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसानं एकदा हातात घेतलं आणि नेमकं तेच पुस्तक.

प्रेस बंद झाला तेव्हा मी गेलो नव्हतो. ते जाऊ दे.

विदर्स तरी वाचलाय का मी? त्याची पानं कापलेली आहेत. पण ती कापलेली असणं हा काही माझ्या वाचण्याचा पुरावा नव्हे.

झोप येत नाहीये.

शनिवार

काल काही लिहिलं नाही. कालचा दिवस चिडचिडीत गेला, लिहिण्यासारखा नव्हता.

आज सकाळी बाबा स्वतःच पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसले. म्हणाले, सुरी दे. मी किंमत उतरण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "विकायचंय का?" नाही. "मग?" मी भाजीची सुरी दिली तर परत केली. धारदार सुरी घडी सोडून पळते, बोथट हवी. शेवटी लोणी लावायची सुरी चालली. पातं घडीत आडवं घालायचं, पुस्तक टेबलावर सपाट, आणि बाहेर ओढायचं नाही, घडीच्या रेषेवरूनच पुढे सरकवायचं. त्यांचा हात आता थरथरतो, चहा सांडतो. पण सुरी सरळ गेली. खर्र असा बारीक आवाज, आणि कडेला कापसासारखे तंतू. कागदाचं कूस ते दुसऱ्या हातात गोळा करत होते, टेबलावर पडू न देता.

दुसरा फर्मा मी घेतला आणि तिसऱ्याच पानाला वरचा कोपरा फाटला. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. ३ ऑक्टोबर १७६४ला फोर्ट पिटहून दीड हजार माणूस निघालं, मस्किंगम नदीच्या काठापर्यंत. मोठी लढाई नाहीच. अट एकच, आमची धरून नेलेली माणसं परत करा. नोव्हेंबरात ती आणून दिली, आणि पुस्तकात त्यांचा चक्क हिशेब आहे: व्हर्जिनियाचे पुरुष ३२, बायका-मुलं ५८, पेनसिल्व्हेनियाचे पुरुष ४९, बायका-मुलं ६७. एकूण २०६. बाबांनी बेरीज मनात करून बघितली आणि मान हलवली.

इथं मला ती गोष्ट यायला हवी होती. आई मुलीला ओळखत नाही, मुलगी आईला, आणि कर्नल म्हणतो, लहानपणी म्हणायचीस ते गाणं म्हण. मी ही गोष्ट मंडळाच्या गणपतीत सांगितली आहे, सुलभावहिनींच्या डोळ्यांत पाणी आणलं आहे, आणि प्रत्येक वेळी 'माझ्याकडे जुनं पुस्तक आहे त्यात आहे' असं म्हटलं आहे. पुढचा फर्मा कापला. मागचा पुन्हा बघितला. नाही. ती पार्कमनच्या, पाँटिअॅक या आदिवासी सरदारावरच्या ग्रंथातली. प्रस्तावना त्याची, म्हणून मी ती इथं आणून बसवली असणार.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की सूनबाई वरून खाली आली.

मग मलाही हसू आलं. १८६८ पासून हे पुस्तक कुणाकुणाच्या कपाटात राहिलं असेल, आणि दीडशेच्या वर वर्षांत त्यांतला एकजणही चार फर्म्यांच्या पुढे गेला नाही. सगळे बुशी रनला थांबले. आणखी गंमत म्हणजे लिहिणारा, रेव्हरंड स्मिथ, स्वतः मोहिमेवर गेलेलाच नव्हता. बुकेचे कागद घेऊन फिलाडेल्फियात बसून लिहिलं त्यानं. फोर्ट पिटवरून आदिवासींना देवीच्या रुग्णांची पांघरुणं मुद्दाम देण्यात आली, १७६३च्या जूनमध्ये, आणि बुकेच्या पत्रातही तीच भाषा आहे. त्याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. ते पान कापूनही सापडायचं नाही.

जे सापडलं ते मात्र वेगळंच. शॉनी जमातीच्या लोकांना काही कैद्यांना बांधून आणावं लागलं, कारण ती यायला तयार नव्हती. काही बायका परत दिल्यावर पळून पुन्हा तिकडेच गेल्या. ज्यांनी धरून नेलं तेच लोक रडत होते, छावणीत रोज मका, कातडी आणून देत होते. आणि एक मिंगो जमातीचा तरुण. व्हर्जिनियाच्या एका मुलीला तो बायको म्हणायचा. गोऱ्यांच्या वस्तीजवळ गेलास तर मारतील, असं सगळ्यांनी सांगितलं, तरी तो तिच्या मागोमाग निघाला.

"मग?"

"एवढंच आहे."

"मारलं का त्याला?"

"लिहिलं नाही. पुढचा परिच्छेद दुसराच आहे."

बाबांनी पुस्तक ओढून घेतलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण पानांच्या तळाशी बोट ठेवून एकेक आकडा बघत गेले, मागे, पुढे, पुन्हा मागे. एखादा फर्मा शिवायचा राहिला असेल, म्हणाले, असं व्हायचं आमच्याकडे, रात्रपाळीत.

सगळे फर्मे होते.

त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजायला घेतले.