तर्जनीवरचा काळा डाग

पुण्यातील एका संशोधन प्रकल्पात मी रक्तवाहिन्यांच्या अस्तराची तपासणी करत असे. एके सकाळी आमच्या 'निरोगी' गटातील एका एकेचाळीस वर्षांच्या बाई तपासणीला आल्या. रक्तदाब १२६/८०, साखर व्यवस्थित, सिगारेट नाही, तंबाखू नाही. रात्रीपासून उपाशी होत्या, सकाळचा चहाही घेतलेला नव्हता. मासिक पाळीची तारीखसुद्धा मी टिपून घेतली होती, कारण तिचाही या मोजमापावर परिणाम होतो.

त्यांना वीस मिनिटे शांत पडून राहू दिले, मग कोपराच्या वर सोनोग्राफीचा प्रोब स्टँडमध्ये पक्का बसवला आणि कोपराच्या खाली रक्तदाबाचा पट्टा बांधला. पडद्यावर दंडातील धमनी दोन स्वच्छ समांतर रेघांसारखी दिसत होती, व्यास ३.५० मिलिमीटर. पट्टा १८० पर्यंत फुगवून पाच मिनिटे तसाच ठेवला. तो सोडला की अडलेले रक्त हाताकडे जोराने धावते, धमनीच्या आतल्या, जेमतेम एका पेशीच्या जाडीच्या अस्तरावर त्याचे घर्षण वाढते आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. त्याने भिंतीतील स्नायू सैल पडतात व धमनी रुंदावते. साधारण मिनिटभरात हे घडून जाते. धमनीत मेद साचून ती अरुंद होण्याच्या कितीतरी आधी हा प्रतिसाद मंदावतो, हे १९९२ साली लंडनमध्ये सेलरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्या तरुणांत आणि जन्मजात जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या मुलांत दाखवले होते. म्हणूनच मला हे काम मोलाचे वाटे.

त्या दिवशी मात्र पट्टा सोडला आणि रेघा जवळपास जागच्या हलल्याच नाहीत. ३.५५ मिलिमीटर, म्हणजे दीड टक्कासुद्धा वाढ नाही. एवढ्या सूक्ष्म मोजमापात प्रोब केसभर सरकला तरी आकडा बिघडतो, त्यामुळे पहिला संशय मी माझ्याच हातावर घेतला आणि सगळी चित्रे पुन्हा तपासली. रेघा ठळक होत्या, कोन बदललेला नव्हता. मग ठरल्याप्रमाणे डॉक्टरांनी जिभेखाली नायट्रोग्लिसरिनची गोळी दिली. ही गोळी अस्तराला वगळून थेट स्नायूंवर काम करते. धमनी ४.१० पर्यंत खुलली. स्नायू ठणठणीत होते, गप्प होते ते अस्तरच. हे पाहताना मला अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवला : सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवरचे अस्तर खरवडले गेले की ॲसिटिलकोलीन हे एरवी धमनी सैल करणारे रसायन दिल्यावरही ते तुकडे सैल पडत नव्हते.

गोळीने बाईंचे डोके दुखू लागले होते. हातावरची जेली पुसताना उशीवर उताणा ठेवलेला त्यांचा उजवा तळवा मी प्रथमच नीट पाहिला. तर्जनीच्या पेरावर, नखाच्या कडेपर्यंत मुरलेला काळा डाग होता. मी विचारले, "ताई, हे काय?"

"मशेरी हो. सकाळी दात घासून आले ना."

"पण तंबाखू नाही म्हणालात."

"तंबाखू कुठं खाते मी? मशेरी नुसती लावायची. तिच्याबिगर पोट साफ होत नाही."

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची ही काळी पूड आईने लावली, सासूने लावली, त्यांनीही लग्नानंतर लावली. तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. चूक आमच्या अर्जाची होती आणि तो अर्ज भरून घेणारी मी होते. महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्यासारख्या बाईने मशेरीचा प्रश्न विसरावा, याचे मला फार वाईट वाटले.

दहा दिवसांनी, आदल्या रात्रीपासून मशेरी न लावता त्या पुन्हा आल्या. डोके जड झाल्याची तक्रार होतीच. या वेळी धमनी ३.५० वरून ३.६८ वर गेली, म्हणजे पाच टक्क्यांच्या थोडी वर. पहिल्या दिवशीचा आकडा निकोटिनमुळेच घसरला होता, असे दोनच मोजमापांवरून ठामपणे म्हणता येणार नाही, कारण एकाच माणसात दिवसागणिक फरक पडतो. पण त्या सकाळचे मोजमाप निरोगी धमनीचे म्हणून नोंदवणे चुकीचे झाले असते, एवढे नक्की.

"मग माझं काळीज चांगलं आहे का?" त्यांनी विचारले. अभ्यासातल्या गटांची तुलना करायला ही तपासणी उत्तम असली, तरी एकट्या व्यक्तीचे भविष्य तिच्यावरून सांगत नाहीत; लक्षणे नसलेल्यांसाठी ती वापरू नये, असेच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली सांगितले आहे. मी त्यांना तसे सांगितले, दोन्ही दिवसांच्या रेघा पडद्यावर शेजारी शेजारी दाखवल्या आणि मशेरी सोडण्याविषयी बोलले. त्या दुसऱ्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग पदराआडच्या पिशवीतली डबी चाचपून तशीच आत सरकवली.

त्याच दुपारी आम्ही अर्जात प्रश्न घातला : "आज सकाळी दात कशाने घासले?" आणि त्याआधी तपासलेल्या प्रत्येक स्त्रीला मी एकेक करून फोन लावायला बसले.